दोन टनांची गाडी, काळ्या मातीचा रस्ता: वेगवान इलेक्ट्रिक कारचे टायर, शॉकअप आणि पकड सोलापुरात कशी सुधारावी

मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. गाडी घरी आली आणि तिसऱ्या महिन्यात मी तिला २५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मागवल्या. फोटो झकास आले. मग एका संध्याकाळी होटगी रोडच्या गतिरोधकावर, मागे तीन पाहुणे आणि डिकीत चादरींचे गठ्ठे असताना, पोटाखालून खर्रर्र असा आवाज आला. इलेक्ट्रिक गाडीत पोटाखाली बॅटरी असते. नशिबाने बाहेरचं कवच तेवढं सोललं. स्प्रिंगा काढताना आमचा मिस्त्री म्हणाला, "साहेब, गाडी खाली केली की स्टाइल येती, पण रस्ता कुठं खाली होतोय?"

स्प्रिंगा अजून माळ्यावर आहेत. त्यानंतर जे केलं ते उलट्या क्रमाने केलं: आधी टायर, मग हवा, मग अलाइनमेंट, मग बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या), मग शॉकअप. स्प्रिंगपर्यंत जायची गरज पडलीच नाही. तुम्हालाही बहुधा पडणार नाही.

माझी गाडी किया ईव्ही६, दोन्ही अ‍ॅक्सलवर मोटर असलेली: ३२५ पीएस, ६०५ न्यूटन-मीटर, व्हीलबेस २९०० मिलिमीटर. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे मल्टीलिंक (अनेक दांड्यांचं). बीवायडी सीलची ५३० पीएसची परफॉर्मन्स आवृत्ती किंवा फक्त मागच्या चाकांना जोर देणारी महिंद्रा बीई ६ असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

गणित आधी, पाना नंतर

पेट्रोल गाडीत पाय दाबल्यापासून चाकाला जोर पोचेपर्यंत थोडा वेळ जातो. इंजिनाचे फेरे चढतात, गिअर बदलतो, आणि तेवढ्यात टायर, बुश, स्प्रिंग सावरून बसतात. इलेक्ट्रिक मोटर मात्र जागच्या जागी, शून्य फेऱ्यांवर जवळजवळ पूर्ण टॉर्क देते. सगळा झटका एकदम टायरच्या तळव्यावर येतो.

तो किती, हे कागदावर काढता येतं. गाडी चालकासकट २१०० किलो धरा. शून्यापासून शंभरपर्यंत साडेपाच सेकंद म्हणजे प्रवेग साधारण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आहे असं समजा. २१०० गुणिले ५ गुणिले ०.५, भागिले २.९ केलं की सुमारे १८१० न्यूटन येतात, म्हणजे जवळपास १८५ किलोंचा भार. एवढं ओझं दर जोरदार सुरुवातीला पुढच्या अ‍ॅक्सलवरून उचलून मागच्यावर पडतं. मागचे टायर त्या वेळी खरं काम करतात आणि पुढचे हलके होतात, स्टिअरिंगसुद्धा हलकं लागतं.

आता यात आपली काळी माती मिसळा. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दोन-तीन वर्षांत लाटा घेऊ लागतो. खड्डा डोळ्याला दिसतो, लाट दिसत नाही. विजापूर रोडला किंवा अक्कलकोटच्या बाजूला बेताच्या वेगातसुद्धा गाडी जहाजासारखी वर-खाली होते ती याच लाटांमुळे. लाटेच्या माथ्यावर टायर हलका होतो, आणि नेमका तिथे पाय दाबला तर चाक फुकट फिरतं. ट्रॅक्शन कंट्रोल लगेच जोर कापतो, पण कापलेला जोर म्हणजे वाया गेलेले पैसे. आपल्याला टायर रस्त्याला सतत आणि सारख्या दाबाने चिकटून ठेवायचा आहे. खालची सगळी खटपट तेवढ्यासाठीच.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून पटकन. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेला आणि निर्मात्याने ठरवून दिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-१३ ची हिरवी पाटी आधीच लांबून ओळखू येते, त्यात मडगार्डबाहेर आलेली चाकं लावून आणखी लक्ष वेधू नका. कंपनीने मान्य केलेल्या मापाचे टायर, मूळ शॉकअपच्या जागी तसेच बसणारे शॉकअप, अलाइनमेंट आणि बुश एवढ्यात राहिलात तर झोप नीट लागते. याहून पुढे जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि वॉरंटीचं पुस्तक वाचा.

पहिलं काम: वही घ्या आणि मोजा

काहीही खोलण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारही टायरांत हवा सारखी भरा, गाडी रिकामी ठेवा. मग:

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा. डावं-उजवं यात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसली आहे किंवा बुश पिळला आहे.

बॅटरीच्या कवचाखालचं अंतर गाडी रिकामी असताना मोजा, मग चार माणसं आणि सामान टाकून पुन्हा मोजा. दुसरा आकडा खरा. माझ्या बाबतीत तो मी स्प्रिंगा काढल्यानंतर मोजला.

प्रत्येक टायरची नक्षी आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजा. नक्षी मोजायचं छोटं गेज टायरवाल्याकडे असतं. आतली कड जास्त घासलेली दिसली तर ते टो बिघडल्याचं लक्षण असू शकतं (टो म्हणजे वरून बघताना चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते). कॅम्बरने, म्हणजे समोरून बघताना चाक जितकं कललेलं असतं त्याने, कड घासते, पण टोइतकी भराभर नाही.

शेवटी अलाइनमेंट मशीनवर गाडी चढवून "फक्त रीडिंग द्या, काही फिरवू नका" असं सांगून कागद घ्या. मशीनवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो, पण हा कागद नसेल तर नंतर काय सुधारलं हे कधीच कळणार नाही.

जॅक कुठे लावायचा

इलेक्ट्रिक गाडीचं सर्वांत महाग नुकसान टायरच्या दुकानात होऊ शकतं. पंक्चरवाल्याचा हात सवयीने गाडीच्या पोटाकडे जातो, आणि तिथे बॅटरीचं कवच असतं. जॅकच्या जागा उंबऱ्याखाली ठरलेल्या असतात, पुस्तकात चित्र असतं. तिथे बसेल असा जाड रबरी गुटका करून घ्या आणि डिकीत कायम ठेवा. जॅक लावताना स्वतः खाली वाकून बघा. लाज वाटून घेऊ नका.

घरी काम करणार असाल तर गाडी पूर्ण बंद करा आणि चावी घरात, लांब ठेवा. ही गाडी आवाज न करता सुरू असू शकते. उलट्या बाजूच्या चाकांना अडण लावा, जॅकवरून भार घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या आणि मगच खाली जा. नारिंगी वेष्टनाच्या केबलींना हात नाही, त्यांच्या क्लिपलाही नाही. शॉकअपवर ब्रेकची नळी आणि चाकाच्या वेगाच्या सेन्सरची वायर बांधलेली असते, ती आधी सोडवा. ब्रेकचं कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. आणि स्ट्रटची स्प्रिंग घरी दाबू नका. स्प्रिंग कॉम्प्रेसर सटकला तर हात जातो, हे काम गॅरेजचं.

टायर: निम्मी सुधारणा इथेच

पैसे एकाच गोष्टीला असतील तर टायर घ्या. शॉकअप, स्प्रिंग, रॉड हे सगळे टायरला मदत करतात. रस्त्याला लागतो तो टायरच.

माप आधी ठरवा. माझ्या गाडीचं मूळ माप २३५/५५ आर१९. व्यास काढायची रीत सोपी: २३५ चे ५५ टक्के म्हणजे १२९.२५, त्याची दुप्पट २५८.५, त्यात १९ इंच म्हणजे ४८२.६ मिळवले की ७४१ मिलिमीटर. हीच गाडी परदेशात २५५/४५ आर२० वरही मिळते, त्याचा व्यास ७३७.५. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस यांना कळणारही नाही. तरी मी १९ वरच राहिलो. २० इंची रिमवर टायरची भिंत १२९ वरून ११५ मिलिमीटरवर येते. लाटांच्या रस्त्यात अधूनमधून खड्डा असतोच, आणि त्या चौदा मिलिमीटर रबरावर रिमचा जीव अवलंबून असतो. शिवाय मोठं रिम बहुतेक वेळा जड असतं. स्प्रिंगखालचं वजन वाढलं की चाक लाटेमागे धावायला उशीर करतं. चौकात उभी गाडी सुंदर दिसते, एवढाच त्याचा फायदा.

मग भारांक. टायरच्या भिंतीवर मापानंतर १०१, १०३, १०५ असे आकडे असतात. १०१ म्हणजे एका टायरला ८२५ किलो, १०३ म्हणजे ८७५, १०५ म्हणजे ९२५. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात जो आकडा आहे त्याखाली जाऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला "चालतंय की". पेट्रोल गाडीला चाललेला टायर इथे चालेलच असं नाही, बॅटरीचं वजन चोवीस तास अंगावर असतं. त्यानंतरचं अक्षर वेगाचं: व्ही २४० किलोमीटर, डब्ल्यू २७०, वाय ३००.

आता रबर. भिंतीवर ट्रेडवेअर असा आकडा कोरलेला असेल तर बघा. ढोबळमानाने आकडा जितका कमी तितकं रबर मऊ आणि चिकट, आणि तितकं लवकर संपणारं. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, एका कंपनीच्या दोन टायरांत मात्र अंदाज येतो. मी तीनशेच्या आसपासचा घेतला. दोनशेचा ट्रॅकवर मजा देईल, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच चाळिशी ओलांडते आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. तापमानाची श्रेणी ए असलेलाच घ्या. ट्रॅक्शनची श्रेणी एए असेल तर उत्तम, पण ती फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याची चाचणी आहे, वळणाबद्दल ती काहीच सांगत नाही.

जून २०२० पासून भारतात टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि आयएसआय चिन्ह लागतं, त्यामुळे इंटरनेटवर वाचलेला प्रत्येक टायर इथे मिळत नाही. मिळाला तर तयार झाल्याची तारीख बघा: चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेलं मऊ रबर मऊ राहत नाही.

चारही टायर एकाच जातीचे घ्या. दोनच बदलायचे असतील तर नवे मागे लावा. पुढच्या-मागच्या नक्षीत २-३ मिलिमीटरहून जास्त फरक पडू देऊ नका. इलेक्ट्रिक गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना जोडणारा दांडा नसतो म्हणून यांत्रिक नुकसान होणार नाही, पण संगणक चाकांचे फेरे मोजून घसरण ठरवतो. त्याला खोटी माहिती मिळाली की तो नको तिथे जोर कापतो. काही टायरांच्या आत आवाज दाबणारा फोम चिकटवलेला असतो. पंक्चर काढताना तो तेवढ्या जागी कापून काढावा लागतो, हे पंक्चरवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो घाबरतो.

चिकट टायरने रेंज घटते, हे लपवत नाही. पूर्वी पुण्याहून एका दमात सोलापूर गाठायचो. आता टेंभुर्णीला मी चहा घेतो तेव्हा गाडीलाही दोन घोट पाजतो. नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला लेप वरच्या थरावर असतो आणि तो घासून जाईपर्यंत पकड फसवी असते.

हवा

सकाळी, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना मोजा. पेट्रोल पंपावर दहा किलोमीटर चालवून मोजलेला आकडा कामाचा नाही. समजा २५ अंशांना ३६ पीएसआय भरली आणि दुपारी टायर ६५ अंशांपर्यंत तापला: वातावरणाचा दाब मिळवून ५०.७, गुणिले ३३८, भागिले २९८, वजा १४.७. उत्तर जवळजवळ ४३. सात पीएसआय नुसत्या उष्णतेने वाढले. हे पाहून दुपारी हवा सोडणारे खूप भेटतात. सोडू नका. संध्याकाळी टायर निवल्यावर तो कमी हवेवर चालतो, भिंत जास्त वाकते आणि जास्त तापते. हायवेवर टायर फुटतात ते बरेचदा कमी हवेने. नायट्रोजनवर खर्च करू नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि एका वेळी एक पीएसआय बदला. तपासायला इन्फ्रारेड तापमापी पुरते. वीसेक मिनिटं चालवून थांबा आणि प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या, बाहेरच्या पट्ट्याचं तापमान लिहा. मधला सर्वांत गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम असतील तर कमी, आतलीच कड बरीच गरम असेल तर पुढचा भाग वाचा.

दोऱ्याने टो मोजणे

या गावात सुताला तोटा नाही. मागावरचा पक्का दोरा घ्या, चार घोड्या किंवा पाण्याने भरलेल्या चार बाटल्या घ्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, बंपरपासून बंपरपर्यंत दोरा ताणा. स्टिअरिंग सरळ करून बांधून ठेवा. आता डाव्या आणि उजव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून आपापल्या दोऱ्याचं अंतर सारखं करा. तसंच मागच्या चाकांचंही. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांसारखं असेलच असं नाही, कारण दोन्हीकडची चाकांमधली रुंदी वेगळी असते. तो फरक पुस्तकातून काढा आणि दोरा त्याप्रमाणे सरकवा. याच पायरीवर लोक चुकतात आणि मग दोऱ्याला शिव्या देतात.

दोरा गाडीच्या मध्यरेषेला समांतर झाला की स्टीलच्या पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून दोरा आणि मागच्या कडेपासून दोरा अशी दोन मापं घ्या. पुढचं माप जास्त म्हणजे चाक आत वळलेलं, टो-इन. रिमच्या दोन कडांमध्ये अंदाजे ५०० मिलिमीटर अंतर असतं, म्हणून १ मिलिमीटर फरक म्हणजे ०.११ अंश. मशीनइतकं अचूक नाही, पण मशीनने दिलेला कागद खरा की खोटा हे घरबसल्या कळतं. माझ्या बाबतीत एकदा खोटा निघाला. मागच्या एका चाकाला जवळपास तीन मिलिमीटर टो होता आणि कागदावर सगळं हिरवं. दुकानाचं नाव कशाला काढा, मी दुकान बदललं.

किती ठेवावं? आधी कंपनीच्या मर्यादेत राहा. माझ्या वापराला, म्हणजे रोज शहर आणि आठवड्याला हायवे, पुढे टो जवळजवळ शून्य, मागे दोन्ही चाकं मिळून ०.२ अंश टो-इन, पुढे कॅम्बर उणे १ च्या आसपास, मागे उणे दीडच्या आत. जोर मागे पडणाऱ्या गाडीत मागचा थोडा टो-इन फार महत्त्वाचा. दणका आला की बुश दबतात आणि चाक बाहेर वळू पाहतं, तेव्हा हा टो-इन गाडीला सरळ ठेवतो. मॅकफर्सनला मूळ कॅम्बर फिरवायची सोय बहुधा नसते. त्यासाठी बारीक कंबरेचे कॅम्बर बोल्ट मिळतात, पण खड्ड्याच्या दणक्याने ते सरकू शकतात. बसवलेच तर दर महिन्याला खुणेची रेघ बघा. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावरही गाडीला आपण वळतोय असं वाटतं.

बुश

जुनी गाडी घेतली असेल तर शॉकअपआधी लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट तपासा. एकच गोष्ट सांगतो, कारण ती अर्ध्या गॅरेजांत चुकते. रबरी बुशचा बोल्ट चाक हवेत लोंबत असताना कधीही शेवटपर्यंत आवळू नका. बुशचं रबर आत-बाहेर चिकटलेलं असतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी जमिनीवर येताच ते कायमचं पिळलेलं राहतं, उंची बदलते आणि सहा महिन्यांत बुश फाटतो. आर्मखाली जॅक देऊन चाक वहीत लिहिलेल्या उंचीवर आणा आणि मग टॉर्क पान्याने आवळा. ज्या नट-बोल्टवर "एकदाच वापरा" असं पुस्तकात आहे ते नवेच घ्या.

पॉलियुरेथेन बुश लावू का, असं विचारतात. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या आवाजात त्यांची कुरकुर लपते. या गाडीत प्रत्येक खडा ऐकू येईल.

शॉकअप

स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप हालचाल विझवतो. लाटांच्या रस्त्यावर खरा अभाव दुसऱ्याचा असतो. लाटेवरून उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. दोन-तीनदा झुलली तर परतीचा दाब, म्हणजे रिबाउंड, अपुरा आहे.

साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपात तेल आणि वायू एकत्र तापतात आणि फेस होतो. एकेरी नळीच्या शॉकअपात पिस्टन बाहेरच्या नळीला थेट लागून असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते, नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात असतो. उन्हाळ्यात लांब पल्ल्याला हा फरक जाणवतो. तोटा असा की नळीवर दगड बसून पोचा पडला तर पिस्टन अडकतो. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (आट्यांच्या नळीवर स्प्रिंग बसवलेले शॉकअप) मी टाळले. त्यांच्या आट्यांत काळी माती आणि पाणी बसलं की उन्हात विटेसारखं घट्ट होतं, आणि मग सहा महिन्यांनी तो नट फिरवायला छन्नी लागते. काहीही घ्या, दांड्यावर धुळीचं बूट असलंच पाहिजे.

बदलण्याआधी एक स्वस्त परीक्षा करा. शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय हलकी आवळा, बूट वर सरकवून ती नळीला टेकवा आणि नेहमीचा आठवडा चालवा. टाय जिथपर्यंत सरकली तिथपर्यंत सस्पेन्शन दबलं. ती बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीला, पोचली असेल तर तुमची गाडी रबरावर आपटते आहे. अशा गाडीला अजून खाली करणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर पोतं ठेवणं.

क्लिकने जुळवता येणारे शॉकअप घेतलेत तर सगळे मध्यावर ठेवून सुरुवात करा. एक ठरलेला तुकडा निवडा. माझा तुळजापूर रोडवरचा आहे, रविवारी सकाळी सहाला, मोकळा असताना, ६० च्या वेगाने. रिबाउंड दोन क्लिक वाढवा, तोच तुकडा, तोच वेग. झुलणं थांबेपर्यंत वाढवा. पुढे वाढवत गेलात तर एका टप्प्यावर गाडी लागोपाठच्या लाटांवर हळूहळू खाली बसत जाते, कारण चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. तिथून दोन क्लिक मागे या. दाबाची बाजू (शॉकअप आत दबतानाचा विरोध) शेवटी, आणि आपल्या रस्त्यांना मऊच ठेवा. प्रत्येक बदल वहीत लिहा. दोन बदल एका दिवशी केलेत की तिसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही.

रॉड आणि स्प्रिंग

मागचा अँटीरोल रॉड जाड करावा असं पुष्कळ जण सांगतात, वळणात गाडी कमी कलते म्हणून. खरं आहे, पण त्याने वळणातलं आतलं मागचं चाक हलकं होतं. ईव्ही६ च्या जीटी आवृत्तीत मागे इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक फुकट फिरू न देणारी यंत्रणा) आहे. आपल्या गाडीत नाही, त्यामुळे हलकं चाक फिरतं, संगणक त्याला ब्रेक लावतो आणि वळणातून बाहेर पडतानाचा जोर जातो. मी मूळ रॉडच ठेवला.

स्प्रिंग बदलायचीच असेल तर गणित करून बदला. एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वजन ४८० किलो धरलं आणि गाडीची लय सेकंदाला १.४ झुले हवी असेल तर चाकाजवळ ३७ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठरपणा लागतो. १.७ झुल्यांना ५५. मागची स्प्रिंग आर्मच्या मध्येच कुठेतरी बसते. चाक १ मिलिमीटर हललं की ती ०.६५ मिलिमीटर दबत असेल तर ५५ ला ०.६५ च्या वर्गाने भागायचं, म्हणजे प्रत्यक्ष स्प्रिंग १३० ची. "तीस टक्के स्टिफ" एवढंच लिहिलेल्या खोक्यात हे आकडे नसतील तर खोकं परत करा. आणि उंची बदलली की पुढच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन आलं, हेडलाइटचा झोतही पुन्हा लावावा लागतो.

पकड: पाय, रिजन आणि ऊस

आपल्याकडे पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर, त्यामुळे आठ महिन्यांचं तेल, धूळ आणि रबर रस्त्यावर साठतं. पहिली सर आली की त्याचा साबण होतो. तेव्हा बहुतेकांना जोर घालताना भीती वाटते. माझी गाडी घसरली ती पाय उचलताना. एका पेडलने चालवायची सोय (आय-पेडल) चालू होती, सात रस्त्याच्या अलीकडे मी पाय काढला आणि मागचा भाग एका बाजूला सरकला. रिजन म्हणजे मोटरने लावलेला ब्रेक, आणि तो मोटर असलेल्या अ‍ॅक्सलवरच लागतो. म्हणून पहिल्या पावसात आय-पेडल बंद, रिजन पहिल्या पातळीवर, मोड इको. स्पोर्ट मोडचा मान राखायला वर्षाचे इतर दिवस आहेत.

गळीत हंगामात ट्रॉल्यांतून पडलेली उसाची चिपाडं आणि पाचट वळणांवर चेंगरून पडलेली असतात. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर सोडतात. ओली असेल तर तिच्यावर जगातला कोणताही टायर चालत नाही, नक्षी भरली की तो गोटाच. तिथे सेटिंग उपयोगी नाही, वेग कमी करणं उपयोगी.

ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी संगणकी यंत्रणा) बंद करून बघायचा मोह होईल. हायवेवर नको. हौस असेल तर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक आहे, तिथे ट्रॅक डेला जा. जाताना ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल नवं टाका, दोन टन थांबवताना रिजन एकटं पुरत नाही.

काम झाल्यावर

चाकांचे नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर. न्यूमॅटिक गनने आवळू देऊ नका. बाहेरची रिमं असतील तर मधलं भोक मोजा, कियाला ६७.१ मिलिमीटर लागतं. मोठं असेल तर रिंग घाला, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही चार वेळा बॅलन्सिंग करून घ्याल.

शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासा. पाचशेनंतर शॉकअपचे आणि आर्मचे बोल्ट, त्यावर मारलेल्या पांढऱ्या रेघा जागेवर आहेत का बघा. हजारनंतर दोरा पुन्हा ताणा. बुश आणि शॉकअप तोवर बसलेले असतात आणि टो थोडा हललेला असतो. माझा दर वेळी मागचा डावा हलतो. का, ते अजून सापडलेलं नाही. मिस्त्री म्हणतो गतिरोधक डावीकडेच जास्त झिजलेले आहेत.